नागेशला दिलेला कौल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्यांच्या हाताखाली पीएचडी केली त्या सरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझे कुणी नाही — आणि ऐकून झाल्यावर माझ्या पाठीवरून हात फिरवायला येऊ शकत नाही. तसं कुणी केलेलं मला चालणार नाही. "तुझी तरी काय चूक" असं मनात आलं तर तिथंच गिळून टाका. चूक माझी आहे. फक्त ती तुम्हाला आधी भलत्याच जागी दिसेल. म्हणून जरा सावकाश.

मी पेशींवर काम करते. हो, अजूनही करते. सोडलं असतं तर लोकांना आवडलं असतं, प्रायश्चित्तासारखं दिसलं असतं. नाही सोडलं.

आपल्या पेशीत प्रथिनं एकमेकांना निरोप देत असतात. त्यांची निरोप द्यायची रीत अशी की एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेटचा बारीकसा तुकडा चिकटवतं. चिकटला की ते दुसरं जागं होतं आणि पुढच्याला हलवतं. निघाला की झोपतं. हे डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावं म्हणून आम्ही एक खास अँटिबॉडी वापरतो. ही नुसत्या प्रथिनाला ओळख देत नाही, फॉस्फेट चिकटलेला असेल तरच त्याला जाऊन धरते. फॉस्फेट असला की काळी पट्टी उमटते, नसला की जागा कोरी. एवढंच. बारा वर्षं शाळा, पाच वर्षं कॉलेज आणि त्यापुढचा सगळा जन्म मी काळ्या पट्ट्या बघण्यात घालवला आहे, असं माझी आई पाहुण्यांना सांगते. खोटं नाही ते.

पण ही अँटिबॉडी भारी नखरेल. बाकीच्या अँटिबॉडी भलतीकडं चिकटू नयेत म्हणून दुधाची पावडर लावली तर चालते, हिला बहुतेक वेळा चालत नाही — दुधातल्या प्रथिनालाच फॉस्फेट असतो, सगळं काळवंडून जातं. आणि खरी भानगड पुढंच आहे. पेशी फोडली की तिच्यातलीच काही एन्झाइमं मोकाट सुटतात आणि चिकटलेला फॉस्फेट उपटून काढायला लागतात. म्हणून त्यांना आवरणारं द्रावण आधी घालायचं, आणि नळी बर्फातून बाहेर काढायची नाही. तिथं हयगय केली की पट्टी आपोआप नाहीशी होते, आणि आपल्याला वाटतं — वा, आपल्या औषधानं निरोप थांबवला! औषधानं काहीच केलेलं नसतं. हे मला पाठ होतं. नव्या मुलींना मीच शिकवायचे, आणि चुकल्या तर चांगली झाडायचे.

आता नागेश. माझा चुलतभाऊ, काकीचा एकुलता एक. आमचं घर गुंदला, जोयड्याच्या जंगलातल्या गावात, त्यांचं आमच्या घराला लागून, मध्ये फक्त वई, काट्याकुड्यांचं कुंपण. काका लवकर गेले. काकीनं भाताची शेती केली, लोकांच्या बागेत सुपारी सोलायला गेली, आणि नागेशला वाढवलं. मी त्याच्यापेक्षा मोठी, म्हणून तो मला अक्का म्हणायचा. ऐन उमेदीत त्याला थकवा यायला लागला, पोटात डाव्या बाजूला गोळा लागायला लागला, आणि हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात रक्ताचा कॅन्सर निघाला. सावकाश चालणाऱ्या जातीचा. त्या आजारात एक बिघडलेलं प्रथिन समोर येईल त्याला फॉस्फेट चिकटवत सुटतं. आणि त्यावर एक गोळी आहे जी नेमका त्याचाच हात धरते. रोज घेतली तर माणूस चारचौघांसारखा जगतो.

आणि मी काय करत होते बेंगळूरला? त्याच आजाराच्या पेशी वाढवत होते, त्याच प्रथिनाच्या पट्ट्या बघत होते. घरच्यांना पहिल्यांदा कळलं की मी काहीतरी कामाचं करते. मला त्याचा — सांगूनच टाकते — आनंद झाला. भावाला कॅन्सर झाला आणि मला आनंद झाला. पण कबूल करायची गोष्ट ही नाही. ही तर बारीकसारीक आहे.

नागेशनं विचारलं की ती गोळी पोटात जाऊन करते काय. फॉस्फेट त्याला काय सांगणार? मी म्हटलं, आपल्या देवळात कौल लावतात तसं समज. कौल तुम्हाला माहीत असेल. नसेल तर — देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि बघत बसतात. उजवी पाकळी पडली की देव हो म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या रक्तात एक वेडं प्रथिन सगळ्यांना पाकळ्या चिकटवत सुटलंय, आणि गोळी त्या पाकळ्या पाडते. माझी अँटिबॉडी फक्त बघते, पाकळी आहे का पडली. त्याला ते इतकं पटलं की आल्यागेल्याला सांगायला लागला. मीही खूश. परिषदांमध्ये कुणाला माझं काम इतक्या झटक्यात कळलं नव्हतं.

गोळीनं रोग आवरला, पण त्रास होता. डोळ्यांखाली सूज यायची, पायात गोळे यायचे, सकाळी उलटी. शिवाय गोळ्यांसाठी दर महिन्याला जोयडा, दांडेली करत हुबळी गाठायची. आणि लग्नाचं. मुलीकडचे यायचे, फळीवर गोळ्यांची पाकिटं दिसायची, आणि निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. तो हसून सांगायचा. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

काकीकडं एक मुळी होती. माहेराहून आणलेली, परसात वईवर तिचा वेल चढलेला. नाव सांगणार नाही. काकीकडं मुळीचं नाव घेत नाहीत, घेतलं की गुण जातो म्हणतात. मी घेत नाही ते वेगळ्या कारणानं — तुमच्यातलाच कुणीतरी उद्या ती शोधायला निघेल. गळू, सूज, जनावराची जखम, सगळ्याला ती मुळी उगाळून लावायची आणि गुण यायचा. मला आलेला आहे. नागेशला ती तिचा काढा द्यायची. पण गोळी सोड असं ती एकदाही म्हणाली नाही. "दोनी घे" — हे तिचं वाक्य होतं. ते लक्षात ठेवा.

एका सुट्टीत मी तिच्याकडं मुळी मागितली. काय करणार, हे तिनं विचारलं नाही. धुऊन, पुसून, फडक्यात बांधून दिली. का मागितली मी? खरं सांगू? लॅबमध्ये मी जोयड्याची म्हणून मला जंगलाबद्दलच विचारायचे. तुमच्याकडं वाघ आहेत का, जळवा असतात का. मला दाखवायचं होतं की आमच्याकडं आणखीही काही आहे. यात वाईट काय? काही नाही. म्हणूनच हेही कारण म्हणून सांगत नाही.

अर्क काढला तर भेंडीच्या पाण्यासारखा बुळबुळीत. अर्क घातलेल्या पेशीही तशाच चिकट झाल्या, गाळता गाळता जीव गेला. अर्क न घातलेल्या साध्या पेशी मी चटकन फोडून, नळ्या बर्फात ठेवल्या होत्या. मुळीच्या नळ्या टेबलावरच राहिल्या, बर्फाचं पाणी झालं, आणि आवरणारं द्रावण त्यात घालायचं मी साफ विसरले. मग पट्ट्या बघितल्या. साध्या पेशींमध्ये काळीकुट्ट पट्टी. मुळीच्या पेशींमध्ये जागा कोरी. प्रथिन तेवढंच, फॉस्फेट गायब. काकीच्या मुळीनं गोळीचं काम केलं होतं!

मी तिथं लॅबमध्ये ओरडले. सरांना सांगायच्या आधी नागेशला फोन लावला. गुंदला घरात रेंज नाही, पण तो तेव्हा जोयड्याच्या बाजारात होता. मी म्हटलं, तुझ्या आईच्या मुळीनं पाकळी पाडली, माझ्या डोळ्यांनी बघितली. तो म्हणाला, "म्हंजी उजवा कौल पडला म्हण की." आणि मी म्हटलं, पडला.

इथं तुम्हाला चूक सापडली, नाही का? हलगर्जी बाई, एका पट्टीवर नाचली. नाही हो. चुकतात माणसं, रोज चुकतात, आमचा धंदाच चुका पकडायचा आहे. पुढं ऐका.

सरांनी विचारलं, नळ्या बर्फात होत्या ना? द्रावण घातलं होतं ना? मी आठवून बघितलं, दोन्ही नव्हतं. सगळं परत केलं. यावेळी बर्फ, द्रावण, सगळं नीट. मुळीच्या पेशींमध्ये पट्टी होती तशीच, काळीकुट्ट. परत केलं, परत तेच. मुळीनं काही केलेलं नव्हतं. जे केलं होतं ते माझ्या हयगयीनं. मी सरांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, की स्वतःच्या आवडत्या निकालावर संशय घ्यायला धाडस लागतं. मी मान खाली घालून हसले. लॅबमध्ये मी एक अक्षर खोटं बोललेली नाही. कुठं छापलं नाही, कुठं मिरवलं नाही. तिथं मी धुतल्या तांदळासारखी आहे आणि तो तांदूळ मला आजही घशाखाली उतरत नाही.

नागेशला फोन केला नाही.

का? रेंज नसते. सुट्टीत जाणारच आहे, समोरासमोर सांगू. त्यानं कुठं मनावर घेतलं असेल. असली कारणं मी तेव्हा मोजून ठेवली होती, आता त्यातलं एकही पुढं करत नाही. मला लाज वाटत होती, बस. ज्या एका माणसाला माझं काम कळलं होतं, त्याच्यासमोर मला छोटं व्हायचं नव्हतं.

पावसाळा संपल्यावर घरी गेले. तो मला घ्यायला मोटारसायकल घेऊन जोयड्याला आला होता. मी त्याला ओळखलंच नाही. चेहऱ्यावरची सूज गेलेली, रंग उजळलेला, अंगात नवा शर्ट. स्टँडजवळ चहा प्यायला बसलो. रामनगरकडची एक मुलगी बघून झाली होती, त्यांचे पूर्वज खानापूरकडचे, माणसं चांगली, होकार आला होता. फळीवर गोळ्या नव्हत्या, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही. मी म्हटलं, गोळ्या कुठं ठेवल्यास? त्यानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज बारीक केला.

"सोडल्या मी, अक्का. तू सांगितल्यावर सोडल्या. आईला बोलू नको, ती वरडंल."

मला सगळं कळलं. कळलं नाही असं मी म्हणूच शकत नाही, त्या आजारावर माझा प्रबंध आहे. गोळी थांबवली की तिचा त्रास जातो, काही महिने माणूस टवटवीत दिसतो, आणि आत ते वेडं प्रथिन परत कामाला लागलेलं असतं. मी म्हणायला सुरुवात केली, अरे, ते मी परत करून बघितलं — आणि तो हसला. म्हणाला, "एकदा पडलेला कौल परत लावत्यात व्हय?"

आमच्याकडं नाही लावत. एकाच गाऱ्हाण्याला देवाला दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. लॅबमध्ये उलट, दुसऱ्यांदा विचारलं नाही तर तुमच्यावर अविश्वास. तो आमच्या देवळातला शब्द धरून बसला होता, आणि शब्द त्याला कुणी दिला होता? मी. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की कौल चुकला. कौल लावणारी चुकली. गोळी आजच सुरू कर. तीन वाक्यं. चहा संपायच्या आत झाली असती.

मी म्हटलं, बरा दिसतोस.

कुणाला यात अंधश्रद्धा दिसत असेल तर ती कृपा करून माझ्या नावावर लिहा. त्यानं देवावर ठेवून गोळी सोडली नाही, आईच्या मुळीवरही नाही. मुळी तर तो आधीपासून पीत होता, गोळ्यांसकट. गोळी सुटली ती विज्ञानाच्या नावानं, बेंगळूरहून आलेल्या फोननं. गावातल्या लोकांना अडाणी म्हणायचं असेल तर माझ्यापासून सुरुवात करा, आणि मी पुरी पडले नाही तरच पुढं जा.

सुपारी फुटली. तारीख काढायची बोलणी चालू असतानाच त्याला ताप भरला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. हुबळीला नेलं तेव्हा आजार उलटला होता. सावकाश चालणारा आता धावत होता. परत गोळी दिली, दुसरी दिली, कशाचाच उपयोग राहिला नव्हता.

मी बेंगळूरहून थेट दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? नागेश काही बोलला नाही. काकी बोलली. तिला नुकतंच कळलं होतं की तो गोळ्या घेत नव्हता, आणि तिनं आपल्या मनाशी हिशोब जुळवला होता — पोरगं माझ्या मुळीवर भरवसा ठेवून राहिलं. तिनं हात जोडून सांगितलं, मी मुळी देत होते. मग डॉक्टरांनी तिला फैलावर घेतलं. सगळ्या वॉर्डसमोर. तुमच्यासारख्या आयाच पोरांचे जीव घेतात, इथपर्यंत. ती पदर तोंडाला लावून उभी. नागेशनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग तोंड भिंतीकडं केलं. त्यानं मला सोडवलं, आईला सोडवलं नाही. ते काम त्यानं माझ्यावर सोडलं होतं, हे न कळण्याइतकी मी मूर्ख नाही. डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, तुम्ही तर याच विषयातल्या, तुम्ही तरी यांना समजावायचं. मी मान हलवली.

नागेश गेला. रामनगरच्या मुलीचं पुढं दुसरीकडं झालं. गावात काकीला कुणी तोंडावर बोललं नाही, पण मुळी मागायला येणं थांबलं. गळू झालं तर लोक जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात जायला लागले. भावकीतल्या एका काकांनी तर मलाच सांगितलं की जुनी माणसं अशीच, आपण शिकलेल्यांनी काय काय म्हणून बघायचं. मी ऐकून घेतलं. बारावा, तेरावा, महिन्याचं, सगळ्याला मी होते. लोक म्हणाले, चुलत असून सख्ख्यासारखी राबली. राबलेच मी. भांडी घासायला धाडस लागत नाही.

सांगण्यासारखं आता एकच उरलं आहे. इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरतेय.

महिन्याचं झाल्यावर मी निघायच्या दिवशी सकाळी काकीला भेटायला वई ओलांडून गेले. ती परसात होती. मुळीचा वेल तिनं मुळापासून खणून काढला होता, वाळलेला भारा एका बाजूला रचला होता, आणि राहिलेल्या बारक्या मुळ्या कोयत्याच्या टोकानं उकरत होती. मी तिथं उभी राहिले. मनाशी ठरवून आले होते, तोंडात वाक्यही जुळवून ठेवलं होतं. दुसरं कुणी नव्हतं. ऐकायला ती, सांगायला मी. तिनं वर न बघताच बोलायला सुरुवात केली.

"तुला इचारायला पायजे होतं मी, बाय. घरात येवढी शिकलेली पोर असून तुला न्हाई इचारलं. तू सांगितलं असतंस."

हे तिचं गाऱ्हाणं होतं. स्वतःवरचं. तिला उत्तर हवं होतं, आणि उत्तर माझ्या हातात होतं — ती ज्याला आपली चूक समजत होती ती माझी होती. ती उचलून माझ्याकडं घ्यायची, एवढंच करायचं होतं. नुसतं गप्प बसले असते तरी आज थोडी कमी नीच असते.

मी म्हटलं, "व्हय काकी. इचारायला पायजे होतं."

तिनं मान डोलावली. कोयता खाली ठेवला, हात झाडले, आणि भात झालाय, जेवून जा म्हणाली. मी आत गेले, पाटावर बसले, आणि तिनं वाढलेलं पोटभर जेवले.